लाकडांत रुतलेलें लोखंड

पावसाळ्यांत घराचें एखादें दार फुगतें, चौकटीला घांसूं लागतें आणि बिजागरी सोडविण्यासाठीं सुताराला बोलवावें लागतें. चार स्क्रूंपैकीं तीन सुखानें निघतात. चवथा मात्र हटून बसतो. पेचकस त्याच्या खांचेंतून पुनःपुन्हां घसरतो, खांचेच्या कडा झिजून गुळगुळीत होतात, आणि मग तो स्क्रू धड घट्टही होत नाहीं आणि सैलही होत नाहीं. घरांत या प्रकाराची किंमत फार तर अर्ध्या दिवसाची मजुरी आणि थोडा वैताग एवढीच असते. परंतु हाच प्रकार जेव्हां जहाजाच्या तक्तपोशींत किंवा त्याच्या बुडाच्या फळ्यांत घडतो, तेव्हां त्यावर शेंकडों माणसांचे प्राण अवलंबून असतात. लाकडांत रुतलेलें लोखंड बाहेर कसें काढावें, आणि मुळांत तें रुतूंच नये म्हणून काय करावें, या प्रश्नाशीं जहाज बांधणारे व दुरुस्त करणारे लोक शतकानुशतकें झगडत आले आहेत. त्या झगड्याचा इतिहास आज मी आपल्यापुढें थोडक्यांत मांडणार आहे.

प्रथम लोखंड लाकडांत रुततें तें कां, हें पाहूं. जो खिळा ठोकतांना सहज आंत गेला, तो कांहीं वर्षांनीं त्याच वाटेनें बाहेर कां येऊं नये? याचें उत्तर गंजांत आहे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षां कित्येक पट अधिक जागा व्यापतो. लाकडाच्या घट्ट भोंकांत या वाढीला जागा नसते; म्हणून गंज स्क्रूच्या आट्यांत आणि लाकडाच्या रेषांत ठासून बसतो व दोहोंना जखडून टाकतो. त्यांतून लाकूड ओक जातीचें असेल तर आणखी एक गोष्ट घडते. ओकच्या लाकडांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य असतें. आपल्याकडे पूर्वीं हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करीत. हिरड्यांतील तुरट द्रव्य आणि हिराकशींतील लोह यांच्या संयोगानें तो काळा रंग येई. ओकच्या फळींत लोखंडी खिळा मारला आणि ओल लागली, कीं खिळ्याभोंवतीं हीच शाई तयार होऊं लागते. खिळा झिजतो, आणि लोहाच्या क्षारांमुळें सभोंवारचें लाकूडही हळूहळू निर्जीव होतें.

यांतील सर्वांत फसवी गोष्ट अशी, कीं ही झीज सगळीकडे सारखी होत नाहीं. जहाजांत एक फळी दुसऱ्या लाकडाला जेथें टेकते, त्या सांध्यांत पाणी झिरपत राहतें. तेथें बोल्टाची कंबर बारीक होत जाते; त्याचें डोकें मात्र वरून शाबूत दिसतें. अशा बोल्टाकडे वरून पाहून तो धड आहे कीं अर्धा संपला आहे, हें कितीही अनुभवी माणसाला सांगतां येत नाहीं. तें जाणण्याचा जुना खात्रीचा उपाय एकच: बोल्ट उपसून काढावयाचा आणि डोळ्यांनीं पाहावयाचा. म्हणून रुतलेला खिळा काढण्याची कला ही केवळ दुरुस्तीची कला नव्हे. वैद्य जशी नाडी पाहतो, तशी जहाजाची प्रकृति पाहण्याची ती कला आहे. जो खिळा काढतां येत नाहीं, त्याची परीक्षाही करतां येत नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेविली, म्हणजे पुढील सर्व इतिहासाचा अर्थ लागतो.

लोखंडाची ही अडचण ज्यांत मुळींच उद्भवत नाहीं, अशी एक पद्धत आपल्या अरबी समुद्रावर फार जुन्या काळापासून होती. फळ्यांना भोंकें पाडून त्या नारळाच्या काथ्यानें एकमेकींस शिवावयाच्या, अशी ती पद्धत. भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथांत, समुद्रांत जाणाऱ्या नौकेच्या बांधणींत लोखंड वापरूं नये असें सांगितलें आहे. कारण दिलें आहे तें असें, कीं समुद्रांतील लोहचुंबकाचे खडक नौकेस ओढून घेतील. चुंबकाचे खडक ही दंतकथा. परंतु शिवलेल्या नौका या दंतकथा नव्हत्या. तेराव्या शतकांत मार्को पोलोनें होर्मूझच्या बंदरांत त्या पाहिल्या आणि त्यांना नांवें ठेविलीं. चौदाव्या शतकांत इब्न बतूता या प्रवाशानें मात्र त्यांचा पक्ष घेतला. खडकावर आपटली तर शिवलेली नौका लवते आणि खिळ्यांची नौका फुटते, असें त्याचें म्हणणें होतें. आपल्या विषयाच्या दृष्टीनें या नौकांचा मोठा गुण हा, कीं शिवण उसवतां येते. काथ्या जुना झाला कीं तो कापून काढीत आणि त्याच फळ्या नव्या काथ्यानें पुन्हां शिवीत. लाकडांत रुतून राहील असें आंत कांहींच नसे. ही विद्या अगदींच लोपलेली नाहीं. अजिंठ्याच्या लेण्यांतील पांचव्या शतकांतल्या एका चित्राचा आधार घेऊन गोव्यांत बांधलेलें 'कौंडिण्य' हें शिवलेलें जहाज २०२५ सालीं भारतीय नौदलांत दाखल झालें.

युरोपांत मोठीं जहाजें ओकच्या लाकडाचीं होत, आणि त्यांच्या फळ्या जोडण्याचीं साधनें दोन होतीं. एक म्हणजे लाकडाची गोल मेख. ती कोरडी असतांना ठोकीत. पाणी लागलें कीं ती फुगून घट्ट बसे. ती काढावयाची झाल्यास गिरमिटानें पोखरून टाकावी आणि त्याच भोंकांत नवी मेख ठोकावी, इतकें तें काम सरळ होतें. दुसरें साधन म्हणजे लोखंडी बोल्ट. जेथें फार मोठा जोर सोसावयाचा असे, तेथें लाकडी मेखेनें भागत नसे. तेथें लोखंडच घालावें लागे. या दोन साधनांची तुलना नियतीनें एकदां मोठ्या विलक्षण रीतीनें करून दाखविली. स्वीडनच्या राजाचें 'वासा' नांवाचें नवें कोरें युद्धजहाज १० ऑगस्ट १६२८ रोजीं आपल्या पहिल्याच सफरीवर निघालें आणि स्टॉकहोमच्या बंदरांतच बुडालें. ३३३ वर्षें तें तळाशीं पडून होतें. बाल्टिक समुद्राचें पाणी थंड व कमी खारट असल्यामुळें लाकूड पोखरणारा समुद्रकिडा तेथें जगत नाहीं. म्हणून लाकूड टिकलें. पण लोखंडी बोल्ट गंजून नाहींसे झाले होते. २४ एप्रिल १९६१ रोजीं तें जहाज वर काढण्यांत आलें, तेव्हां त्याचा सांगाडा मुख्यतः लाकडी मेखांनीं धरून ठेविला होता. बोल्टांचीं रिकामीं भोंकें पाणबुड्यांना अगोदर पाण्याखालींच लाकडी बुचें मारून बंद करावीं लागलीं, तेव्हां कोठें जहाज तरंगूं शकलें. या जहाजाकडे आपणांस पुढें पुन्हां यावयाचें आहे.

बाल्टिकमध्यें नसलेला तो समुद्रकिडा उष्ण समुद्रांत ओकच्या जहाजांचा काळ होता. त्याच्यापासून बचाव व्हावा म्हणून ब्रिटिश नौदलानें १७६१ सालीं 'अलार्म' नांवाच्या ३२ तोफांच्या जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले आणि तें वेस्ट इंडीजकडे पाठविलें. १७६३ सालीं परत आल्यावर त्याची तपासणी झाली. तांब्याखालच्या लाकडाला किडा लागलेला नव्हता. शेवाळ आणि शिंपलेही फारसे चिकटले नव्हते. प्रयोग यशस्वी झाला असें वाटलें. पण पत्रे काढून पाहतांच दिसून आलें कीं, जेथें तांब्याचा लोखंडाशीं स्पर्श झाला होता तेथें लोखंडी खिळे पार खाल्ले गेले होते. मात्र कांहीं थोडे खिळे अगदीं धड होते. असें कां, याचा शोध घेतां कारण मोठें साधें निघालें. तांब्याचे पत्रे ज्या खाकी कागदांत गुंडाळून आले होते, तो कागद कांहीं ठिकाणीं निष्काळजीपणानें तसाच राहून गेला होता. जेथें दोन धातूंमध्यें कागदाचा पडदा होता, तेथें खिळा वांचला. जेथें नव्हता, तेथें तो गेला.

आज शाळेंतील मुलांनाही याचें कारण माहीत असतें. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यांत एकमेकांस लागले कीं त्यांची एक लहानशी विद्युत्-घटमाला तयार होते, आणि त्यांपैकीं अधिक क्रियाशील धातू, म्हणजे येथें लोखंड, झपाट्यानें झिजूं लागतो. परंतु व्होल्टानें आपली घटमाला बनविली ती १८०० सालीं. १७६३ सालच्या गोदींतील लोकांपुढें फक्त झिजलेले खिळे आणि तो कागद होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळांत, १७७९ पासून पुढें, ब्रिटिश नौदलानें सबंध आरमारच घाईनें तांब्यानें मढविलें. तांब्याच्या खालीं जाड कागद व डांबर घातलें कीं बोल्ट सुरक्षित राहतील, असा भरंवसा होता. तो फोल ठरला. बाहेरून तांबें चकचकीत आणि आंत बोल्टांच्या कंबरा बारीक होत चाललेल्या, अशी अवस्था झाली. २९ ऑगस्ट १७८२ रोजीं 'रॉयल जॉर्ज' हें प्रचंड जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ नांगरून ठेवलेलें असतांनाच बुडालें आणि सुमारें ९०० माणसें प्राणांस मुकलीं. तें किंचित् कलतें करून दुरुस्तीचें काम चाललें होतें. तोफांच्या झरोक्यांतून पाणी शिरलें कीं कुजलेला सांगाडा ढासळला, याविषयीं मतभेद आहेत. त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत अटलांटिकमधील वादळांत आणखी कांहीं मोठीं जहाजें गेलीं. या सर्व आपत्तींचें कारण केवळ बोल्ट होते, असें म्हणतां येणार नाहीं. पण बोल्टांविषयींचा संशय त्यामुळें अतिशय बळावला. १७८३ सालापासून नौदलानें पाण्याखालच्या भागांत लोखंडी बोल्टांच्या जागीं तांब्याचे व तांब्याच्या मिश्रधातूंचे बोल्ट घालण्यास टप्प्याटप्प्यानें आरंभ केला.

शुद्ध तांबें मऊ. कठीण ओकमध्यें तें हातोड्यानें ठोकूं गेल्यास वांकतें. ही अडचण त्याच सुमारास दूर झाली. तांब्याच्या सळया न तापवितां रुळांतून दाबून काढल्या कीं त्या ठोकण्याइतक्या कठीण होतात, असें आढळून आलें. तांब्याच्या बोल्टाचें आंतील टोंक कड्यावर ठोकून पसरट करीत. तो काढावयाचा झाल्यास तें पसरट टोंक छाटून, मागून लोखंडी दांड्यानें ठोकला म्हणजे तो सरळ बाहेर येई. कारण त्याच्यावर फुगणारा गंज चढलेला नसे. जुनें जहाज मोडतांना हे बोल्ट म्हणजे मोठी मिळकत ठरे. कित्येकदां जुन्या सांगाड्यांना आग लावून राखेंतून हें तांबें गोळा करीत. १८३२ सालीं बर्मिंगहॅमच्या मुंट्झ नांवाच्या कारखानदारानें सुमारें साठ भाग तांबें व चाळीस भाग जस्त यांचा एक स्वस्त मिश्रधातू काढला, आणि पुढें व्यापारी जहाजांत त्याचाच प्रसार झाला.

या ठिकाणीं या इतिहासाचा आपल्या मुंबईशीं संबंध येतो. सुरतेचे कारागीर लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं मुंबईस आले, आणि १७५० सालीं येथें सुकी गोदी बांधली गेली. या गोदींत जहाजें होत तीं ओकचीं नव्हेत, तर सागवानाचीं. सागवानाच्या अंगांत तेलकट अंश असतो आणि ओकसारखें लोखंड खाणारें द्रव्य त्यांत फारसें नसतें. म्हणून सागवानांत मारलेला खिळा ओकच्या मानानें फार सावकाश गंजतो. इंग्लंडांत ओकचीं झाडें कमी पडूं लागलीं, तेव्हां ब्रिटिश नौदलानें वाडिया घराण्याकडे युद्धजहाजांची मागणी केली, तींत सागवानाच्या या गुणाचा मोठा वांटा होता. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं मलबारच्या सागवानाचें 'त्रिंकोमाली' नांवाचें जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं मुंबईंत पाण्यांत उतरलें. त्याचे नकाशे इंग्लंडहून प्रथम ज्या 'जावा' नांवाच्या जहाजावर पाठविले होते, तें १८१२ च्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन जहाजाच्या हातीं सांपडलें. म्हणून नकाशे दुसऱ्यांदा पाठवावे लागले. पारशी जहाजबांधणी कारागिरांत नव्या जहाजाच्या तळकण्याला विधिपूर्वक चांदीचा खिळा ठोकण्याची चाल होती. तो खिळा मांगल्यासाठीं. जोर सोसण्याचें काम अर्थात् दुसऱ्या खिळ्यांचें. 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथें तरंगत आहे. १९९० ते २००१ पर्यंत त्याचा जीर्णोद्धार झाला, तेव्हां दोनशें वर्षांच्या उंबरठ्यावर आलेल्या त्या सागवानाचा मोठा भाग अद्याप कामाचा असल्याचें आढळलें.

आतां स्क्रूकडे वळूं. खिळा ठोकून बसवितात आणि उपटून काढतात. स्क्रू फिरवून बसवितात आणि उलट फिरवून काढतात. म्हणजे काढतां यावा, हाच स्क्रूचा मूळ हेतु. तरीही तो फार उशीरां सार्वत्रिक झाला, कारण त्याचे आटे एकेक करून कानशीनें पाडावे लागत. १७६० सालीं इंग्लंडमधील जॉब व विल्यम वायट या भावांनीं लाकडाचे स्क्रू यंत्रानें करण्याचें पेटंट घेतलें. तरीही स्क्रूचें टोंक बोथट असे, आणि तो आधीं भोंक पाडल्याखेरीज लाकडांत शिरत नसे. टोंकदार स्क्रूचीं यंत्रें अमेरिकेंत १८४० नंतरच्या दशकांत निघालीं. १८५४ सालीं बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड यांनीं चेंबरलेन घराण्याच्या भांडवलाच्या साह्यानें तीं इंग्लंडांत आणलीं. पुढें ब्रिटिश वसाहतमंत्री झालेला जोसेफ चेंबरलेन हा तरुणपणीं याच स्क्रूच्या धंद्यांत वाढला. आतां स्क्रू इतका स्वस्त झाला, कीं घरांतील कपाटापासून जहाजाच्या तक्तपोशीपर्यंत तो सर्वत्र दिसूं लागला.

तक्तपोशींत स्क्रू बसविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. फळींत आधीं रुंद खळगी पाडतात, तिच्या तळाशीं स्क्रूचें डोकें बसवितात, आणि वरून त्याच लाकडाचें गोल बूच, फळीच्या रेषांशीं त्याच्या रेषा जुळवून, ठोकून रंध्यानें किंवा पटाशीनें सपाट करतात. वरून स्क्रू कोठें आहे हें कळतही नाहीं, आणि पाणीही शिरत नाहीं. हें बूच काढण्याची एक जुनी युक्ति आहे. त्याच्या मध्यावर लहान भोंक पाडून त्यांत एक स्क्रू फिरवीत जावें. त्याचें टोंक खालच्या स्क्रूच्या डोक्याला टेकलें, कीं पुढच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर तें बूच आपोआप वर उचललें जातें. येथपर्यंत सर्व सोपें. खरी कसोटी यानंतर, खालचा स्क्रू फिरवितांना.

येथें अनुभवी कारागीर बळापेक्षां क्रमावर भर देतो. प्रथम तो खांचेंतील रंग, मीठ आणि घाण टोंकदार हत्यारानें पूर्ण खरवडून काढतो. कारण पेचकस खांचेंत तळापर्यंत बसला नाहीं, तर पुढचें सर्व व्यर्थ. मग तो खांचेच्या रुंदीला बरोबर बसेल असाच पेचकस निवडतो. हातानें जमण्यासारखें नसेल, तर सुताराच्या ब्रेसला पेचकसाचें पातें लावतो. त्यामुळें वरून सबंध शरीराचा दाब देतां येतो आणि फिरविण्यालाही जोर मिळतो. पेचकसावर हातोडीचा एक चांगला ठोका देतो, म्हणजे आट्यांतील गंजाला तडा जातो. त्यानंतर तो स्क्रू सैल करण्याऐवजीं आधीं किंचित् घट्ट करून पाहतो. ही गोष्ट उलटी वाटते. पण गंजाची पकड कोणत्याही दिशेनें एकदां सुटली म्हणजे झालें. तरीही स्क्रू हलला नाहीं, तर तापलेल्या लोखंडाचें टोंक स्क्रूच्या डोक्यावर कांहीं वेळ धरतो. स्क्रू तापून फुगतो, निवतांना आकसतो, आणि त्या हालचालीनें गंजाचा बांध फुटतो. मग तेलाचे दोनचार थेंब घालून तें झिरपण्यास वेळ द्यावयाचा. घाई ही या कामांत सर्वांत महाग वस्तु होय.

खांचच नाहींशी झाली असेल, तर लोखंड कापण्याच्या करवतीनें किंवा छिन्नीनें नवी खांच पाडतां येते. तेंही शक्य नसेल, तर स्क्रूच्या मध्यांत लहान भोंक पाडून त्यांत उलट्या आट्यांचें निमुळतें हत्यार फिरवितात. तें स्क्रू सोडविण्याच्या दिशेनेंच फिरतें, आणि जसजसें फिरावें तसतसें स्क्रूला अधिक घट्ट धरतें. म्हणून पुढें दोघेही एकत्र बाहेर येतात. आणि डोकेंच तुटलें तर? मग शेवटचा उपाय म्हणजे दांतेरी तोंडाची पोलादी नळी. ती स्क्रूभोंवतीं फिरवून त्याच्यासकट लाकडाचा बारीक गाभा कापून काढतात, आणि त्या जागीं त्याच लाकडाची मेख बसवितात. पितळी स्क्रूच्या बाबतींत हा प्रसंग वारंवार येतो. खाऱ्या पाण्यानें पितळेंतील जस्त निघून जातें आणि गुलाबीसर रंगाचें भुसभुशीत तांबें शिल्लक राहतें. अशा स्क्रूला जोर लावला कीं तो मानेशींच तुटतो.

विसाव्या शतकांत लक्ष वळलें तें खांचेकडेच. सरळ खांचेंतून पेचकस बाजूला घसरतो. म्हणून कॅनडांतील रॉबर्टसन यानें १९०८ च्या सुमारास चौकोनी खळगीचा स्क्रू बाजारांत आणला. तो घट्ट धरला जाई आणि डोकें क्वचितच खराब होई. १९३६ सालीं अमेरिकेंत फिलिप्स यानें अधिक-चिन्हासारख्या खळगीच्या स्क्रूचें पेटंट घेतलें, आणि मोटारींच्या कारखान्यांत त्याचा झपाट्यानें प्रसार झाला. यंत्राच्या पेचकसाला ही खळगी चटकन् सांपडते. परंतु जोर जास्त झाला कीं पेचकस तिच्यांतून आपोआप वर उसळतो आणि जातांना खळगीच्या कडा सोलून काढतो. बसवितांना सोयीचा असलेला हाच गुण, वीस वर्षांनीं गंजलेला स्क्रू काढतांना शाप ठरतो.

'अलार्म' जहाजाचा धडा लोक किती लवकर विसरतात, याचें एक उदाहरण आपल्याच काळांतलें आहे. अमेरिकेंत घरामागें लाकडी ओटे बांधण्याची मोठी हौस आहे. त्यांच्या लाकडाला कीड लागूं नये म्हणून तें दाबाखालीं तांबें, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांनीं भिजवीत. आर्सेनिक विषारी, म्हणून २००३ सालच्या अखेरीस घरगुती कामांसाठीं तें सोडून देण्यांत आलें आणि त्याच्या जागीं तांब्याचें प्रमाण पुष्कळ वाढविलेलीं नवीं द्रव्यें आलीं. सुतारांनीं मात्र पूर्वींचेच साधे लोखंडी किंवा पातळ जस्ताचे स्क्रू वापरले, आणि ते थोडक्याच वर्षांत झिजूं लागले. ओलें लाकूड, त्यांत तांबें, आणि तांब्याला लागून लोखंड: अडीचशें वर्षांपूर्वींचाच तो प्रकार! यानंतर जाड जस्ताचा थर दिलेले किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे स्क्रू वापरण्याचा दंडक पडला. हे दुसरे स्क्रू गंजत नाहींत. पण ते कडक पोलादापेक्षां मऊ असल्यामुळें त्यांचीं डोकीं लवकर झिजतात. एक अडचण दूर करतांना दुसरीची वाट मोकळी होते, हा या विषयांतील नेहमींचा अनुभव.

शेवटीं 'वासा' जहाजाची राहिलेली हकीकत सांगतों. तें वर काढल्यावर नाहींशा झालेल्या बोल्टांच्या जागीं पांच हजारांहून अधिक नवे लोखंडी बोल्ट बसविण्यांत आले. गंजूं नयेत म्हणून त्यांना मुलामा दिलेला होता. तरीही कांहीं दशकांत तेही गंजूं लागले, आणि त्या गंजांतील लोह लाकडांत झिरपून तेथील आम्लक्रियेला मदत करूं लागलें. २०११ पासून पुढें कांहीं वर्षें खपून तज्ज्ञांनीं ते बोल्ट एकामागून एक काढले आणि त्यांच्या जागीं न गंजणाऱ्या खास पोलादाचे बोल्ट घातले. चारशें वर्षांच्या दुबळ्या लाकडांतून रुतलेला बोल्ट उपसावयाचा आणि लाकडाला धक्का लागूं द्यावयाचा नाहीं, असें तें काम होतें. त्यासाठीं स्वतंत्र हत्यारें बनवावीं लागलीं. राजाच्या सुतारांनीं घातलेलें लोखंड समुद्रानें काढलें. विसाव्या शतकानें घातलेलें लोखंड एकविसाव्या शतकाला हातानें काढावें लागलें.

दुसरी गोष्ट 'कटी सार्क' या चहाच्या व्यापारी जहाजाची. १८६९ सालीं बांधलेल्या या जहाजाचा सांगाडा लोखंडाचा, फळ्या सागवान व एल्मच्या, आणि बोल्ट मुंट्झच्या मिश्रधातूचे. लंडनमधील ग्रिनिच येथें कोरड्या गोदींत तें जतन करून ठेविलें आहे. लोखंडी सांगाडा गंजत चालल्यामुळें २००६ सालीं मोठी दुरुस्ती सुरू झाली आणि जहाजाचे बोल्ट सोडवून फळ्या उतरविण्यांत येऊं लागल्या. २१ मे २००७ रोजीं पहाटे जहाजाला भीषण आग लागली. परंतु तोंपर्यंत मूळच्या फळ्यांचा मोठा भाग, डोलकाठ्या आणि मुखावरील मूर्ति इतरत्र सुरक्षित ठेविलेली होती. म्हणून तें जहाज २०१२ सालीं पुन्हां उभें राहूं शकलें. ते बोल्ट जर न सुटण्यासारखे असते, तर त्या फळ्या त्या पहाटे आगीच्या मध्यभागींच असत्या.

श्रोतेहो, जोडणाराला आपली जोड कधींच सुटूं नये असें वाटतें, आणि तें स्वाभाविक आहे. पण लाकूड कुजतें, धातू झिजतो, आणि कधीं ना कधीं कोणाला तरी ती जोड सोडवून पाहावीच लागते. तो दुरुस्त करणारा माणूस बहुधा अजून जन्मलेलाही नसतो. त्याच्यासाठीं वाट ठेवण्याला फारसा खर्च येत नाहीं. लाकडाला आणि ओलीला मानवेल असा धातू निवडावा, दोन भिन्न धातू एकमेकांस लागूं देऊं नयेत, स्क्रूसाठीं आधीं योग्य मापाचें भोंक पाडावें, आणि तो फिरविण्यापूर्वीं त्याच्या आट्यांना थोडें मेण लावावें. मेणामुळें स्क्रू आज सहज आंत जातो, आणि पुढें कधीं तरी एखाद्या अनोळखी कारागिराला तो सहज काढतां येतो.